सतरा नंबरच्या ओट्यावरची दोन नावं

आमच्या सरांच्या घरी कांदा-लसूणसुद्धा चालत नाही. त्यामुळे मच्छीमार्केटचं काम आमच्या ऑफिसला मिळालं तेव्हा मार्केटात कोण जाणार हे मीटिंग सुरू व्हायच्या आधीच ठरलं होतं. काशीमिऱ्याला एका गॅरेजच्या वर चार जणांचं ऑफिस. खाली ट्रकची चाकं ठोकतायत, वर आम्ही कीबोर्ड ठोकतोय. सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू मासे खातेस ना?"

"खाते म्हणजे काय सर! आमच्या घरी रविवारी..."

"बस, बस. डिटेलमध्ये नको. तू जा."

मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. नोकरीला सात महिने झाले होते आणि तोपर्यंत मी फक्त दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधले स्वल्पविराम शोधत होते. हे पहिलं काम अख्खं माझं.

काम असं होतं. मार्केटचं जुनं छप्पर काढून नवं घालणार होते. तोपर्यंत बायका मागच्या शेडमध्ये बसणार आणि छप्पर झालं की परत आपापल्या ओट्यावर. मासे विकणाऱ्या बायकांचं स्वतःचं एक मंडळ आहे. त्यांनी ठरवलं की या निमित्ताने वहीतली यादी कम्प्युटरवर घ्यायची आणि प्रत्येकीला फोटोचं कार्ड द्यायचं. कार्डावर जिचं नाव, तिचाच ओटा. एखाद्या ओट्याला नावच नसेल तर ज्या बायका कित्येक वर्षं नंबर लावून थांबल्यात त्यांच्यात चिठ्ठी टाकायची. नियम साधे होते, बायकांनीच केलेले.

तर माझ्याकडे एक ती वही, म्हणजे तिच्या पानांचे फोटो. कोपरे भिजून फुगलेले, काही पानांवर खवला चिकटलेला. आणि दुसरं म्हणजे मी स्वतः दोन सकाळी फिरून केलेली यादी. एका हातात फोन, पायात जुनी चप्पल, ओट्या-ओट्यापुढे उभी राहून एकच प्रश्न, "मावशी, हा ओटा कोणाचा?" ती बोलणार "माजा", मी नाव टाईप करणार, पुढे. माझं टायपिंग फास्ट आहे, मला त्याचा जरा गर्वच आहे. बायकांनापण गंमत वाटत होती. एक जण शेजारणीला म्हणाली, "बघ गो, हिचा अंगठा बघ, आपून करंदी सोलतो तसा चाललाय."

सतरा नंबरला जी बसली होती ती माझ्या ओळखीची निघाली. माझ्या लहानपणी डोक्यावर माशांची पाटी घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये यायची, तिसऱ्या मजल्यापर्यंत तिची हाक ऐकू यायची. आई तिला पाटीवालीच म्हणते. मी विचारलं, "आता इथे बसता? हा ओटा कोणाचा?"

तिने हातातला कोयता खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "माजा. लिव."

मी लिहिलं.

आता जरा डेटाबेसचं सांगते, सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही! डेटाबेसला आधीच बजावून ठेवता येतं की बाबा, ही गोष्ट चालणार नाही. म्हणजे एका ओट्याला एकच नाव, दोन नाही. ओटा आहे तर नाव पाहिजेच, जागा रिकामी नाही. एकदा बजावलं की तो ऐकतो, आपण विसरलो तरी तो विसरत नाही. मला हे कॉलेजपासून आवडतं. घरात कोणी एवढं ऐकणारं नसतं ना.

तर वही आणि माझी यादी मी एकत्र केली आणि 'एका ओट्याला एकच नाव' हा नियम चालू केला. त्याने लगेच नकार दिला. लाल अक्षरांत एरर. मग क्वेरी लिहून, म्हणजे डेटाबेसलाच प्रश्न टाकून, शोधलं की नियम नक्की कुठे मोडतोय, तर नऊ ओटे सापडले. नऊ ओट्यांना वहीत एक नाव आणि माझ्या यादीत दुसरं.

मी सरांना सांगितलं. सर तेव्हा फोनवर होते, त्यांनी फोन कानावरून अर्धा इंच बाजूला केला. "त्यात काय? लेटेस्ट ठेव, जुनं उडव. वही कधीची आहे?"

"आठ-दहा वर्षांची असेल."

"मग? तू तर परवाच विचारून आलीस."

पटलं मला. एका ओळीची कमांड लिहिली, वहीतली नऊ नावं गेली, नियम चालू केला, आणि या वेळी डेटाबेस गप्प बसला. एरर नाही, काही नाही. मी खाली जाऊन वडापाव आणला आणि खुर्चीत गोल फिरत खाल्ला. यादी छापून मंडळाला दिली. त्यांनी ती मार्केटच्या गेटवर चिकटवली. कोणाची काही तक्रार असेल तर गुरुवारपर्यंत सांगा, मग पक्की.

रविवारी आई म्हणाली, "चल माझ्याबरोबर. तुझी यादी तरी बघू दे मला." तिने चारचौघांत मिरवायचं पूर्ण ठरवलं होतं. गेटपाशी उभी राहून तिने यादीचा फोटो काढला, माझा यादीसकट काढला, मग आम्ही आत गेलो आणि ती सरळ सतरा नंबरला जाऊन थांबली.

आमचं मूळ गाव लातूरकडे. लग्न होऊन भाईंदरला आली तेव्हा आईला मासा म्हणजे नदीतला मरळ आणि बाजारातलं सुकट एवढंच माहीत. ओले बोंबील बघून ती घाबरली होती, हातात धरले की सटकतात म्हणून. ते कसे चिरायचे, पाणी काढायला दगडाखाली कसे दाबायचे, हे सगळं तिला इथल्याच राई गावच्या एका मावशीने शिकवलं, याच मार्केटात. आई पंचवीस वर्षं त्याच मावशीकडून घेतेय. मीपण लहानपणी यायचे, पण नाक दाबून आणि खाली बघत, त्यामुळे मला मावशीची आठवण म्हणजे हिरव्या बांगड्या आणि तिचे पाय. तिचं नाव मला माहीत नव्हतं. मावशीला कुठे नाव असतं!

आईने पाटीवालीला विचारलं, "मावशी कशी आहे? चालते का आता?"

"चालतंय वॉकर घेऊन. खुब्याचा आपरेशन म्हनजे टाइम लागतो." मग तिने एकदम आवाज चढवला. मावशीला ती आक्का म्हणते. "पन ताई, ती यादी बघितली का गेटवरची? आक्काचा नावच न्हाय! माजा नाव लिवलाय सतराला. कोनी केलीय ती यादी, मला एकदा त्याला बघायचाय."

आणि आई, माझी आई, अभिमानाने म्हणाली, "ही काय, आमच्या हिनेच केलीय!"

मी तोंड उघडायच्या आत पाटीवाली ओट्यावर अर्धी उठली होती. "तू? तू केलास? अगो, आक्काचा ओटा हाय यो. तिच्या सासूपासनं हाय. तू तिला काडून टाकलीस?"

"पण मी तुम्हाला विचारलं होतं ना! तुम्हीच म्हणालात, माझा."

"मंग काय बोलनार?" ती माझ्याकडे असं बघत होती जसं मी तिला विचारलंय की मासे पाण्यात का राहतात. "आक्का तवा दवाखान्यात व्हती. ओटा मी राखतंय. राखायला बसलं की कोनी पन येऊन इचारू दे, आपून बोलायचा माजा. दुसऱ्याचा हाय बोललं की संपलं, दुसऱ्या दिवशी तिसरीच येऊन बसते. आमच्यात असाच हाय. माज्या बालंतपनात आयशी माज्यापाशी, तवा तिचा ओटा शेजारनीने असाच राखला व्हता."

शेजारच्या ओट्यावरची बाई हसत म्हणाली, "आन ती बोलली माजा, ही बसली लिवत. शिकलेली हाय ना!"

मी सगळ्या मार्केटला तोच एक प्रश्न विचारत फिरले होते, आणि ज्या बायका सगळ्यात इमानदारीने दुसरीचा ओटा सांभाळत होत्या त्यांनीच मला बरोबर खोटं सांगितलं होतं. आणि मी त्यांच्या इमानदारीवर डिलीट मारलं होतं. आईने बोंबील घेतले. मग रिक्षातून उतरताना म्हणाली, "नाव परत घाल. एवढंच."

पण एवढंच कुठे असतं! सोमवारी सकाळी पहिलं काम म्हणजे उडवलेली नऊ नावं परत आणली. बॅकअप होता, आणि बॅकअप नसता तर वहीचे फोटो होते. नावं आली. नियम लगेच मोडला. सरांना सगळं सांगितलं. ते माझ्यावर ओरडतील वाटलं होतं, पण त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "लेटेस्ट ठेव हे मी बोललो होतो." मग थोड्या वेळाने, "नऊच आहेत ना? जा, नऊ जणींना विचारून ये. कम्प्युटरला नको विचारू."

मी गेले. दोन ठिकाणी वहीतली बाई वारली होती आणि आता तिची मुलगी बसत होती. तिथे नवं नाव बरोबर. एका ठिकाणी मीच घाईत ओट्याचा नंबर चुकीचा टाकला होता. फास्ट टायपिंग! तीन ठिकाणी राखणारीने हसत हसत सांगितलं, "न्हाय गो, तिचाच हाय," कारण आता तिला कळलं होतं की मी ओटा बळकावायला आलेली नाही. दोन ओटे असे निघाले की दोघी जणी खरंच अर्धा-अर्धा दिवस बसतात. ते मी बाजूला ठेवले, मंडळाला विचारायला. उरला सतरा.

सतराचं मला वाटलं होतं एका मिनिटाचं काम. पाटीवाली स्वतः सांगतेय आक्काचं नाव घाल, घालायचं. पण जिचं नाव घालायचं तिला तरी विचारायला नको का, एकदा चटका बसला होता. म्हणून मंगळवारी दुपारी राईला गेले.

मावशी ओटीवर खुर्चीत बसली होती, बाजूला वॉकर, पुढ्यात सुपात सुक्या कोळंबीचे सोडे निवडायला घेतलेले. बांगड्या हिरव्याच. मी कोण ते सांगितल्यावर तिने आधी आईची चौकशी केली, मग मला जवळ बोलवून माझा हात धरला आणि म्हणाली, "तूच ती नाक दाबनारी?"

मी यादीचं सगळं सांगितलं, माफी मागितली, म्हटलं तुमचं नाव परत घातलंय. तर ती मान हलवायला लागली.

"नको गो. तिचाच राहू दे."

"अहो पण मावशी, ओटा तुमचा आहे!"

"व्हता. आता मी सगला दिस न्हाय बसू शकत. डॉक्टर बोलतो दोन-तीन तास, वर न्हाय. माजा खुबा दुखायला लागला तवापासनं, दोन वर्सं, ती बसतेय. जिने चढून चढून तिचे गुडघे गेलेत, तिला परत पाटी उचलायला लावू? लिव तिचाच."

मी बाहेर येऊन पाटीवालीला फोन लावला. मागून मार्केटचा गलका ऐकू येत होता. मी सांगितलं मावशी काय म्हणते ते. ती तिकडून ओरडली, "तिला बोल गप बस! मी तिच्या सासूच्या ओट्यावर माजा नाव लावू? लोक काय बोलतील, राखायला दिला तर खाऊन टाकला. माजा नाव काड. काड म्हनजे काड!"

आता बघा हां. पहिल्यांदा एका ओट्याला दोन नावं होती, म्हणून नियम मोडत होता. आता दोघी एकमेकींचं नाव सांगतायत आणि स्वतःचं काढायला लावतायत, म्हणजे एकही नाव नाही, म्हणजे दुसरा नियम मोडतोय, रिकामी जागा चालत नाही तो! मला आधी हसूच आलं. मग आठवलं की रिकाम्या ओट्याचं काय होतं. चिठ्ठी. गुरुवारी यादी पक्की, आणि सतरा नंबर तिसऱ्याच कोणाचा. दोघींच्या चांगुलपणात दोघींचा ओटा जाणार होता.

बुधवारी मी मंडळाच्या सेक्रेटरी काकींकडे गेले. त्या पहाटे मासळी घ्यायला धक्क्यावर जातात आणि अकराला मंडळाच्या खोलीत बसतात. चष्मा दोरीला बांधलेला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "नाव न्हाय दिला तर मी काय करनार? माज्यापन यादीत बायका थांबल्यात. त्यांना काय बोलू, दोघी लाजतायत म्हनून थांबा?"

ते बरोबरच होतं. मग त्यांनी विचारलं, "बाकीच्या आठचा काय झाला?" मी एकेक सांगत गेले, आणि ते अर्ध्या-अर्ध्या दिवसाचे दोन ओटे आले तशी मी मध्येच थांबले. काकी पण माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटतं आम्हा दोघींना एकाच वेळी सुचलं, पण बोलल्या आधी त्या.

"अगो, तू कोनाचा-कोनाचा काय इचारत बसलीस? सकालचा कोन बसतो नि सांजचा कोन, येवडा इचार ना."

मी तिथूनच सरांना फोन केला. बोलताना माझी जीभ अडखळत होती एवढी मी खूश होते. "सर, नियमच चुकलाय! एका ओट्याला एक नाव असं नाहीच ते. एका ओट्याला एका वेळी एक नाव. सकाळ, संध्याकाळ. एक कॉलम वाढवायचा, आणि 'एकच नाव' हा नियम ओटा अधिक वेळ या जोडीवर लावायचा. मग त्या दोन ओट्यांचंपण सुटतं."

"कार्डाचं डिझाईन बदलेल," सर म्हणाले.

"हो."

"रिपोर्ट बदलेल. स्क्रीन बदलतील."

"हो सर. मी करते. आज करते."

खाली गॅरेजात कोणीतरी हातोडा मारत होतं ते फोनवरून ऐकू आलं. "कर," सर म्हणाले. "आणि ते नऊचे नऊ तू प्रत्येकीला परत वाचून दाखव, त्यांच्या तोंडून हो येऊ दे."

मग मी दोघींना कॉन्फरन्सवर घेतलं, एक राईला, एक ओट्यावर, आणि कोणाचा हा शब्दच काढला नाही. विचारलं, "मावशी, तुम्हाला दोन-तीन तास बसायला जमतं ना, ते कधी जमेल? सकाळी की संध्याकाळी?"

"सकाली," मावशी म्हणाली. "पोरगा डूटीला जाताना रिक्षातून सोडंल. बाराला घरी."

"आणि तुम्ही?"

पाटीवाली सावध झाली होती. "मी काय? आक्का आली की मी उठनार."

"उठू नकोस. बारानंतर कोन बसंल?" मावशी म्हणाली. "ओटा रिकामा ठेवू? तू बस. सांजचा गिऱ्हाईक तुजाच हाय, मला कोन वलखतो सांजचा?"

"मंग सांजच्याला तुजा नाव..."

"सांजच्याला मी हाय का तिथं? जी बसते तिचा नाव. सकाली माजा, सांजचा तुजा. झाला. मला सोडे निवडायचेत."

मग पाटीवाली म्हणाली, "बरा. पन आदी तिचा लिव. वर तिचा."

"सकाळ आधीच येते, काकू," मी तिला म्हटलं.

"मंग ठीक हाय."

मी त्याच दुपारी ऑफिसात बसून कॉलम वाढवला. सतरा, सकाळ, मावशीचं नाव. सतरा, संध्याकाळ, पाटीवालीचं नाव. दोन्ही खरी नावं मला आता पाठ झाली होती, आईलाही सांगितली, तिला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कळली. नियम चालू केला. मग मोडलेल्या नियमांची क्वेरी चालवली आणि उत्तर आलं रिकामं, एकही ओळ नाही. आधीपण एकदा असंच रिकामं आलं होतं, वडापाववालं. म्हणून या वेळी मी खुर्चीत फिरले नाही. छापलेली यादी घेतली, मार्केटात गेले आणि नऊ ओट्यांसमोर उभी राहून मोठ्याने वाचली. सहा ओट्यांवर नुसतं हो आलं, एकीने पत्ता बदलून घेतला, एकीने सांगितलं की कार्डाचा फोटो चांगला नाही, दुसरा काढ.

सतराला पाटीवालीने हात पदराला पुसले आणि कागद स्वतःकडे घेतला. तिला वाचायला थोडं जड जातं. बोट ठेवून ठेवून तिने आधी वरची ओळ वाचली, मग खालची, मग खालच्या ओळीवर बोट तसंच राहिलं. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. एक जण हिंदीत म्हणाला, "मौसी, जल्दी करो ना, ये पापलेट कैसा दिया?"

"रुको जरा," ती म्हणाली, "मेरा नाम पढ रही हूँ."

मग तिने कागदाचा फोटो काढला, मावशीला पाठवला, फोन ओट्याच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि पापलेट उचलून गिऱ्हाइकाला कल्ले उघडून दाखवले.